तुमचा स्टेक, आमचं मोठ्याचं

स्टेक म्हणजे मोठ्याचं मटण. एवढं एक वाक्य छापून लेख संपवला असता तरी चाललं असतं. पण या शहराला कळतं आणि वळत नाही, म्हणून पुढचं लिहावं लागतंय.

मोठ्या जनावराच्या मांसाचा जाड तुकडा घ्यायचा, तापल्या तव्यावर दोन्ही अंगांनी भाजायचा, वरून लोणी सोडायचं. झाला स्टेक. तोच आडवा कापून क्रीम आणि चीजमध्ये घोळलेल्या पास्त्यावर मांडला की झाला क्रीमी, चीजी स्टेक पास्ता. हॉटेलात तो मेणबत्तीच्या उजेडात येतो. बाप, आई, दोन पोरं, मधे फुलदाणी. फॅमिली डिनर! त्याच जनावराचा उरलेला भाग आमच्या गल्लीत येतो तो काळ्या पिशवीत. पिशवीवर वर्तमानपत्र, वर्तमानपत्रावर मेथीची जुडी. तिकडं ताटाचा फोटो काढतात, इकडं पिशवीची झडती घेतात.

जनावराला जात नव्हती. ताटात पडल्यावर चिकटली.

आता कायदा बघा. महाराष्ट्रात गाय कापायला १९७६ च्या कायद्यानं बंदी होतीच. १९९५ साली विधिमंडळानं त्यात बैल आणि वळू घातले. तो कागद वीस वर्षं दिल्लीत पडून होता. २०१५ साली त्यावर राष्ट्रपतींची सही झाली आणि मार्चपासून तो लागू झाला. कापलं, विकलं तर ५ वर्षांपर्यंत तुरुंग आणि १०,००० रुपयांपर्यंत दंड. दुसऱ्या राज्यात कापलेलं मांस नुसतं जवळ सापडलं तरी गुन्हा, असंही कलम घातलं होतं. ते मे २०१६ मध्ये मुंबई हायकोर्टानं रद्द केलं. माणूस आपल्या घरात काय खातो हा त्याचा खाजगी मामला आहे, असं कोर्टानं मानलं. म्हैस आणि रेडा या बंदीत नाहीत. सरकारी दाखला घेऊन ते कापता येतात. म्हणजे हॉटेलच्या मेन्यूकार्डावर ‘बफ’ म्हणून छापलेला स्टेक कायदेशीर, आणि आमच्या टोपातलं रेड्याचं कालवणही तितकंच कायदेशीर. मग आमच्या पिशवीवर मेथीची जुडी कशाला?

कारण कायदा कागदावर असतो आणि धाक रस्त्यावर. ऑगस्ट २०२४ मध्ये इगतपुरीच्या बाजूला धावत्या रेल्वेत एका म्हाताऱ्या मुसलमानाला तरण्या पोरांनी घेरून मारलं. त्याच्या सामानात गाईचं मांस आहे, एवढा नुसता संशय. पुढच्याच महिन्यात, ३० सप्टेंबर २०२४ ला, राज्य सरकारनं देशी गाईला ‘राज्यमाता’ केलं. करा बाबांनो. गाईला आई म्हणायला आमची हरकत नाही. पण जिनं ऊस तोडला, डांबर वाहिलं, तुमच्या इमारतीचे जिने पुसले, ती बाई या राज्याची कोण लागते? तिच्यासाठी कुठला कागद निघाला? आणि तिच्या पोरांच्या ताटात काय पडावं हे ठरवणारे तुम्ही कोण?

आम्ही बंदरातली माणसं. आम्हाला हे ढोंग कंटेनरच्या मापानं मोजता येतं. न्हावा-शेवाच्या यार्डात रीफर कंटेनरांच्या रांगा लागतात. आत उणे १८ डिग्रीवर गोठवलेलं म्हशीचं मांस. ते जातं व्हिएतनामला, मलेशियाला, इजिप्तला. म्हशीचं मांस परदेशी पाठवणाऱ्या देशांत भारत सगळ्यात पुढच्या रांगेत आहे. गाय-बैलाचं मांस पाठवायला बंदी. म्हशीचं पाठवायचं तेही बिनहाडाचं. हाडं इथंच राहतात. कंटेनरला प्लग लावणारा हात आमचा, जहाजावर त्याचं लॅशिंग करणारा हात आमचा. या पेट्यांसाठी कुणी रस्ता अडवत नाही, कुणी घोषणा देत नाही. परकीय चलनाला वास येत नसावा. वास येतो तो फक्त आमच्या चाळीच्या खिडकीतून.

आणि परत येणाऱ्या कंटेनरांत काय येतं? इटलीचा पास्ता येतो. तिथलं चीज येतं. ते खाणारा कपाळाला गंध लावून सांगतो, आम्ही शुद्ध शाकाहारी. त्या शुद्धाला विचारा, पार्मिजानो चीज कशानं थिजवतात? वासराच्या जठरातून काढलेल्या रेनेटनं. दुसरं काही वापरलं तर त्या चीजला ते नावच लावता येत नाही, असा तिकडचा नियम आहे. इथल्या कारखान्यांनी बिनजनावरी रेनेट काढलं, ते सोडून द्या. पण परदेशी पार्मिजानो किसून खाणारा तुमचा सोवळा साहेब वासराच्या पोटाची करामत चवीनं खातो, आणि वर आमच्या वजडीला नाक मुरडतो.

आता पास्त्याच्या माहेरी जाऊ. रोम शहरात टेस्टाच्चो नावाचा भाग आहे. तिथं मोठा कत्तलखाना होता, तो १९७५ साली बंद झाला. जनावराचे चार चांगले भाग पैसेवाल्यांच्या घरी जात. उरलेलं, म्हणजे आतडी, जीभ, काळीज, शेपूट, हे कत्तलखान्यातल्या कामगारांच्या वाट्याला, मजुरीतच धरून. रोमच्या लोकांनी त्याला ‘पाचवा हिस्सा’ नाव दिलं. त्याच हिश्श्यातून त्यांच्या बायकांनी पदार्थ केले. दूधपित्या वासराची आतडी आतल्या दुधासकट शिजवायची. दूध थिजून त्याचा दाट रस्सा होतो आणि तो रिगातोनी नावाच्या पास्त्यात घालायचा. क्रीमी म्हणा, चीजी म्हणा, ते सगळं आतड्यातून आलेलं! शेपटीचा एक पदार्थ आहे, कोडा आल्ला वाच्चिनारा. वाच्चिनारी म्हणजे जनावरं सोलणारे, कातडी कमावणारे लोक. म्हणजे तिकडचे ढोर, चांभार, महार म्हणा. त्यांचं नाव पदार्थाला आहे. त्यांच्या नावाची गल्ली रोममध्ये आहे. पैसेवाले आज तो पदार्थ त्याच नावानं मागवतात.

तिकडंही पिळवणूक होतीच, मजुरीत आतडी देणारा मालक काही संत नव्हता. पण तिकडं सोलणाऱ्याचं नाव ताटावर चढलं. इकडं नाव घेतलं तर ताट बाटतं. चान्या हा शब्द किती पाकपुस्तकांत सापडतो? मांसाच्या पट्ट्या कापून दोरीवर वाळवणारी, दुष्काळात त्यावर लेकरं जगवणारी आमची आजी कुठल्या मासिकाच्या पाककृती विशेषांकात आली? शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ लिहिलं ते २०१५ साली. तोवर मराठी साहित्याला आम्ही काय शिजवतो याचा पत्ता नव्हता, की पत्ता असून नाक दाबलं होतं? साल्यांनो, तुमचं अन्न पूर्णब्रह्म झालं ते आमचं अन्न हिशेबात न धरल्यामुळं.

खाटीक ज्याला अंडरकट म्हणतो, त्याचा सगळ्यात मऊ स्टेक होतो. पाठीच्या कण्याखाली आतल्या बाजूला तो स्नायू असतो. त्याला काम फार थोडं, म्हणून तो मऊ. मान, खांदा, पाय राबतात म्हणून ते चिवट. मऊ भाग हॉटेलात जातो, चिवट आमच्या कुकरात येतो. राबणाऱ्याच्या वाट्याला राबलेला स्नायू. वर्णव्यवस्था कुणाला पोथीतून कळत नसेल त्यानं खाटकाच्या ओट्यासमोर उभं राहावं.

आता आपल्याच लोकांशी दोन शब्द.

आपल्यातला एखादा साहेब झाला, फ्लॅट घेतला, की पहिली खिडकी बंद होते. मग पोराला शिकवतात, शाळेत विचारलं तर चिकन सांग. घरी मोठ्याचं आणायचं नाही, शेजारी जोशी आहेत. आणि पगाराच्या दिवशी हॉटेलात जाऊन हाच साहेब काट्या-चमच्यानं स्टेक पास्ता खातो. इंग्रजीत खाल्लं की पचतं, मराठीत खाल्लं की जात उघडी पडते! दादा, पोराला तू नुसतं खोटं बोलायला शिकवत नाहीस. आपल्या आजीच्या चुलीची लाज धरायला शिकवतोस. हे शिक्षण फी न घेता देणारे बाहेर पुष्कळ आहेत, तू कशाला शिकवणी लावतोस?

मग ते बाबासाहेबांचं नाव काढतात. म्हणे, बाबासाहेबांनीच सोडायला सांगितलं. काय सोडायला सांगितलं ते नीट वाचा. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत त्यांनी मेलेल्या ढोराचं मांस सोडा, शिळंपाकं मागणं सोडा, असं सांगितलं. मेलेलं ओढणं आणि त्यावर जगणं हे गावकीच्या गुलामीचं ताट होतं. ते लाथाडलं. पुढं १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’ मध्ये त्यांनीच पुराव्यानिशी मांडलं की हे गोपूजक एके काळी गोमांस खात होते, बौद्ध धम्मावर मात करायला ब्राह्मणांनी ते सोडलं, आणि मेलेल्या गाईवर जगणाऱ्यांना वेशीबाहेर टाकलं. इतकं वाचून ज्याला मांस सोडायचं त्यानं खुशाल सोडावं. धम्म समजून सोडलं तर त्याला माझा जयभीम. पण जोश्यांच्या भीतीनं सोडलं तर त्याला शील म्हणू नका, ती भीतीच आहे.

म्हणून म्हणतो, करायचाच तर हा स्टेक पास्ता घरी करा, आणि नाव सांगून करा. पाच माणसांना अर्धा किलो रेड्याचं मांस पुरतं. अंडरकट मिळालं तर बोटभर जाडीचे तुकडे करा, मीठ-मिरपूड लावून अर्धा तास ठेवा, लोखंडी तवा धुरावेपर्यंत तापवा आणि दोन्ही अंगांनी खरपूस भाजा. उतरवल्यावर पाच मिनिटं हात लावू नका, रस आत मुरतो. मग रेषांच्या आडवं कापा. मांडीचं चिवट मांस असेल तर आधी कुकरात शिजवा आणि मग तव्यावर परता. आपली दाढ आहे, आपला कुकर आहे. पास्ता खारट पाण्यात उकडा, थोडा कच्चट असतानाच काढा, आणि ते पेजेसारखं पाणी वाटीभर ठेवा. कढईत लसूण-कांदा परता, क्रीमचा डबा परवडत नसेल तर दुधाची साय फेटून मंद आचेवर सोडा, मग ते पेजेचं पाणी आणि पास्ता. चीज घालायचं ते गॅस बंद करून, नाहीतर त्याच्या गुठळ्या होतात. वर मांस, आणि वाटलंच तर चिमूटभर येसर. इटलीवाला रागावला तर रागावू द्या. त्याच्याही आजीनं मजुरीतलं आतडंच शिजवलंय.

आणि हे सगळं घरच्या बाईनं करायचं नाही. पाळीवरून आलेला बाप्या हात-पाय धुऊन कांदा कापायला बसू शकतो. बाप आधी, पोरगा नंतर, आणि आई शेवटी कढई पुसून खाणार असेल तर ते फॅमिली डिनर मनूच्या घरचं. आपल्या घरात एकदम बसायचं, आणि मऊ तुकडा आधी तिच्या ताटात पडला पाहिजे.

खिडकी उघडी ठेवा. शेजाऱ्यानं विचारलं, कसला वास येतो हो? तर सांगा, रेड्याच्या मटणाचा, बसता का जेवायला? बसला तर तो आपला माणूस, त्याला जागा करून द्या. नाही बसला तर त्याची भूक त्याच्यापाशी. पण तो आपल्या दारावर टोळी घेऊन आला, तर गल्लीतल्या प्रत्येक दारातून माणूस बाहेर आला पाहिजे. खाणारा, न खाणारा, बौद्ध, मातंग, मुसलमान, सगळे. तेवढी तयारी आधी करा. पास्ता नंतर शिजेल.

जय भीम.