घाटातील सायकल

वाचकहो, गेल्या कार्तिकात माझ्या थोरल्या बहिणीने मला एक प्रश्न विचारला. तिचा मुलगा पंधरा वर्षांचा. त्याच्याजवळ गिअरची नवी सायकल आणि मनात डोंगर! “गावातल्या रहदारीत मी त्याला सोडते,” ताई म्हणाली, “पण घाटाचं नाव काढलं की माझ्या छातीत धस्स होतं. पाठवू की नको, ते तूच सांग.”

हा प्रश्न एकट्या ताईचा नाही. कुमाऊँच्या टेकड्यांत, नीलगिरीच्या उतारांवर किंवा आपल्या सह्याद्रीत, जेथे जेथे सायकल आणि उमलत्या वयाची मुले आहेत, तेथील आईबापांना तो आज ना उद्या पडावयाचाच. घरात बसून उत्तर देणे मला बरे वाटले नाही. “मीच त्याच्याबरोबर जातो,” असे मी ताईला सांगितले.

आम्ही रस्ता निवडला तो भोरहून वरंधा घाटाने कोकणात उतरणारा. भोर हे पुणे जिल्ह्यातील जुने संस्थानी गाव. ते संस्थान 1948 साली विलीन झाले. तेथून पश्चिमेस निघालेला रस्ता नीरेच्या खोऱ्यातून, नीरा देवघर धरणाच्या जलाशयाजवळून डोंगरात शिरतो. पावसाळ्यात दरडींमुळे हा घाट अनेकदा बंद ठेवावा लागतो. म्हणून आषाढ-श्रावणात त्याच्या वाटेस न जावे हे उत्तम. रस्ता खुला असल्याची चौकशी करूनच आम्ही पहाटे निघालो. भाताची कापणी चालू होती. खाचरांतून ओल्या पेंढ्याचा वास येत होता. अर्ध्या अर्ध्या तासाने एखादी एस.टी. जावी आणि पुन्हा पाखरांचे आवाज तेवढे उरावेत, अशी ती वाट. सायकलला आवाज नसतो, म्हणून अशा रस्त्यावर जे ऐकू येते ते मोटारीतील माणसास कधीच ऐकू येत नाही.

पहिल्या मोठ्या चढावर भाच्याने दात-ओठ खाल्ले, परंतु तो खाली उतरेना. त्याच्या सायकलीस लहान गिअर होते, पण ते वापरणे त्यास कमीपणाचे वाटत होते. तेव्हा मी त्याला थोडे गणित सांगितले. आपल्या साध्या सायकलीस पुढे 44 आणि मागे 18 दाते असले, तर पायडलच्या एका फेऱ्यात ती सुमारे साडेपाच मीटर पुढे जाते. पुढे 28 आणि मागे 34 दात्यांचे चाक लावले, तर जेमतेम पावणेदोन मीटर. वेग कमी होतो, पण गुडघ्यावरील भारही त्याच प्रमाणात हलका होतो. श्रम तेवढेच, ते लहान लहान हप्त्यांनी फेडावयाचे, इतकेच.

या हप्त्यांचा मोठा पुरस्कर्ता फ्रान्समध्ये होऊन गेला. सेंत-एतिएन गावचा पॉल द व्हिव्ही (1853-1930) ‘व्हेलोसिओ’ या नावाने लिहीत असे. डोंगरात हिंडणाऱ्या सामान्य सायकलस्वारास अनेक गिअर हवेत, हे तो आपल्या मासिकातून वर्षानुवर्षे सांगत राहिला. पुष्कळांना ती दुर्बळांची सोय वाटे. ‘टूर द फ्रान्स’ या सुप्रसिद्ध शर्यतीत तर चालत्या सायकलीवर गिअर बदलणाऱ्या यंत्रास 1937 पर्यंत परवानगी नव्हती. भूक लागण्याआधी खावे, तहान लागण्याआधी प्यावे आणि केवळ बढाईसाठी सायकल चालवू नये, अशी त्याची शिकवण होती. भाच्याने ती ऐकून घेतली आणि पुढच्या चढावर, माझ्याकडे न पाहता, हळूच गिअर बदलला.

खाण्याचाही हिशोब पाहा. माणूस व सायकल मिळून 80 किलो वजन 300 मीटर उंच चढविण्यास सुमारे 56 किलोकॅलरी ऊर्जा लागते. शरीर आपल्या इंधनाचा साधारण चौथा हिस्साच कामास लावू शकते, म्हणून खर्च होतात सव्वादोनशे. म्हणजे साधारण एक मोठी भाकरी! एवढ्यावर डोंगर चढता येतो. आम्ही मात्र केळी, शेंगदाण्याची चिक्की आणि माणशी दोन लिटर पाणी घेतले होते.

वाघजाईच्या देवळापाशी गरम भजी खाल्ली. तेथून रस्ता कोकणात उतरू लागतो. आणि वाचकहो, येथे मला माझीच चूक सांगावयाची आहे.

चढताना आपण डोंगरास जे देतो ते सारे उतरताना तो परत करतो. ते घ्यावयाचे असते ब्रेकने. आदल्या रात्री भाच्याच्या सायकलीचे टायर, चेन, ब्रेक सारे मी कसून तपासले होते. माझी सायकल मात्र ‘रोजचीच आहे’ म्हणून तशीच बाहेर काढली. तिसऱ्या वळणावर मागचा ब्रेक दाबला, तो थेट हँडलला टेकला. रबर झिजून गेले होते. उजवीकडे दरी होती. वेग अजून फार नव्हता, एवढेच नशीब. पुढचा ब्रेक बेताबेताने दाबीत मी डाव्या अंगाच्या खडीत कसाबसा थांबलो. पुढच्या चाकाच्या कडीस बोट लावले तर चटका बसला.

भाचा मागून आला. काही न बोलता त्याने सायकल टेकवली, ब्रेकच्या तारेचा स्क्रू पिळून ती ताणली, चाक फिरवून पाहिले आणि म्हणाला, “आता थोडं धरेल, मामा. पण तीव्र उतार संपेपर्यंत आपण चालतच जाऊ.” सकाळी चढावर उतरण्याची लाज वाटणारा हाच तो मुलगा! आम्ही तासभर सायकली हातात धरून चाललो. वाटेत डोक्यावर गवताचा भारा घेतलेल्या एका आजींनी विचारले, “पंक्चर का रं बाबांनो?” आम्ही “होय” म्हटले. खरे कारण सांगण्याचे धैर्य मला झाले नाही.

तर मुलांना पाठवावे काय? माझे उत्तर आहे, अवश्य पाठवावे. पण एकटे नव्हे, आणि तयारीशिवाय नव्हे. ब्रेकच्या रबरावरील खाचा दिसेनाशा झाल्या असतील तर ते आधी बदलावे. उतारावर दोन्ही ब्रेक थोडे थोडे आणि वळणाच्या अलीकडेच दाबावेत. वळणापलीकडे गुरे, खडी किंवा पसरलेला पेंढा आहे असे समजूनच चालवावे. डोक्यावर हेल्मेट असावे. डोंगराच्या कुशीत फोन लागेलच असे नाही, म्हणून मार्ग व परतण्याची वेळ घरी सांगून निघावे. आणि उतरून चालण्याची लाज कोणी कोणास वाटू देऊ नये.

ताईला मी सारे जसे घडले तसे सांगितले, माझ्या ब्रेकसह. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “जाऊ दे त्याला पुन्हा. फक्त पुढच्या वेळी निघायच्या आधी तुझी सायकल त्याला तपासू दे.”