जखम दाखव

दोस्तांनो, आपण मोर्च्याची तयारी करतो आणि आपल्यातलाच एखादा हळूच विचारतो, "मेडिकल काय म्हणतंय? पोरगी कशी आहे?" हा प्रश्न त्याचा नाही. इंग्रजांचा 1872 चा पुरावा कायदा त्याच्या तोंडून बोलतोय.

त्यातलं कलम 155(4). बाईची चालचलणूक वाईट होती असं दाखवून बलात्काराच्या खटल्यात तिची साक्ष मोडता यायची. इंग्रज गेले, घटना आली, कलम तसंच. गेलं ते 2002 सरताना. 130 वर्षं!

मथुरा आठवा. 26 मार्च 1972, देसाईगंजचं पोलीस ठाणं, तेव्हा चंद्रपूर जिल्हा, आज गडचिरोली. आदिवासी मजूर पोर, वय चौदा ते सोळा. रात्रीची वेळ, घरची माणसं बाहेर, ती आत, दोन पोलीस. डॉक्टरनं तपासलं दुसऱ्या दिवशी रात्री. 1974 ला सेशन्स कोर्टानं तिलाच खोटारडी ठरवलं, कारण ती म्हणे 'सरावलेली'. 1976 ला नागपूर खंडपीठानं शिक्षा दिली : भीतीनं अंग सोडणं म्हणजे होकार नव्हे. 1978 ला सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सोडलं. अंगावर जखम नाही, म्हणजे झटापट नाही, म्हणजे संमती.

वा रे हिशेब! आपल्या चाळीतला तालमीत घुमणारा गडी लॉकअपमध्ये शिपायावर हात टाकतो का? मुकाट मार खातो. त्याच्या गप्प बसण्याला कुणी संमती म्हणत नाही.

1979 ला बक्षी, लतिका सरकार, धागमवार, केळकर या चौघांनी न्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं. 1980 ला मुंबईत 'फोरम अगेन्स्ट रेप' उभा राहिला, बायका रस्त्यावर आल्या. 1983 ला कलम 114 अ आलं : संबंध सिद्ध झाला आणि बाई म्हणाली संमती नव्हती, तर कोर्टानं नव्हती असंच धरायचं. पण कुठं? ठाणं, तुरुंग, दवाखाना, टोळी, अशा ठरावीक ठिकाणी. शेतमालकाची, मुकादमाची सत्ता कायद्याला दिसली 2013 ला, 'नियंत्रण किंवा वर्चस्व' म्हणून. कायदा मथुरामुळं बदलला, तिचा निकाल मात्र तोच.

लांब कशाला, आपल्या परळचं केईएम घ्या. 27 नोव्हेंबर 1973 ला अरुणा शानबागवर हल्ला झाला. तिची वाचा गेली, साक्ष कोण देणार? खटला चालला खुनाच्या प्रयत्नाचा नि चोरीचा. लैंगिक अत्याचाराचं कलम लावलंच नाही. आरोपीला 7 वर्षं. ती 2015 पर्यंत त्याच इस्पितळात.

दोन बोटांची चाचणी बंद करा म्हणून न्यायालयानं 2013 ला सांगितलं. 2022 ला पुन्हा सांगावं लागलं.

तेव्हा पुढल्या खेपेला ठाण्यात जाल तर पोरगी कशी हे विचारू नका. विचारा : खबर मिळाल्यापासून 24 तासांत तपासणीला पाठवली का? कपडे सील केले का? अॅट्रॉसिटीचं कलम लावलं का? आणि दोन बोटं घातली असतील, तर त्या डॉक्टरचं नाव काय?