सुरी एकाची, जबाबदारी भटारखान्याची

हॉटेलच्या भटारखान्यात कोणाचे बोट कापले, की पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘लक्ष कुठे होतं तुझं?’ बोट नळाखाली धरले जाते, कोणीतरी वर हळद चेपतो, चिंधी नाहीतर चिकटपट्टी बांधली जाते आणि दहा मिनिटांत तोच हात पुन्हा कांद्यावर चालू लागतो. बाहेर गिऱ्हाईक ताटकळलेले असते. चूक कापून घेणाऱ्याचीच, असे धरून विषय मिटतो. तो इतक्या सहज मिटता कामा नये. घरात एकटा माणूस भाजी चिरतो तेव्हा सुरीची काळजी त्याच्यापुरती असते. पाच-सात जण एकाच ओट्याशी, एकाच मोरीपाशी आणि एकाच अरुंद वाटेत वावरतात तेव्हा ती सगळ्यांची होते.

मराठी घरांना ही गोष्ट विळीने फार पूर्वीच शिकवली आहे. काम झाले की विळी उभी सोडायची नाही, पाते मिटून किंवा आडवी करून भिंतीकडे सरकवायची, हे घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असते. ही शिस्त चिरणाऱ्यासाठी नाही, शेजारून जाणाऱ्यासाठी आहे. विळीचे पाते जागचे हलत नाही, हलते ती भाजी. हॉटेलात नेमके उलटे असते. तिथे पाते हलते. ते एका हातातून दुसऱ्या हातात जाते, ओट्यावरून मोरीकडे आणि मोरीतून फळीवर फिरते. म्हणून विळीपेक्षा सुरीला शिस्त अधिक लागते. प्रत्यक्षात अनेक भटारखान्यांत ती कोणी घालून दिलेलीच नसते.

अपघात होतात ते बहुधा ठराविक वाटांनी. कोणी घाईत सुरी टोक पुढे करून चालतो आणि वळणावर दुसरा समोर येतो. कोणी वापरलेली सुरी साबणाच्या पाण्यात सोडतो आणि भांडी घासणारा फेसात हात घालतो. कोणी सुरीवर फडके टाकतो आणि दुसरा ते फडके उचलतो. ओट्याच्या कडेवरची सुरी घसरते आणि ती झेलायला हात आपोआप पुढे जातो. यांतल्या निम्म्या प्रसंगांत कापला जाणारा माणूस सुरी वापरतच नव्हता. त्याचे लक्ष कुठे होते, हा प्रश्न त्याला विचारण्यात काय अर्थ?

बोथट सुरी हे आणखी एक घरचेच संकट. धार नसली तर इजा कमी होईल, हा समज चुकीचा आहे. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. धारदार पात्याची कड अतिशय बारीक असते, त्यामुळे थोड्या जोरातही टोमॅटोची साल कापली जाते. कड बोथट झाली, की तेवढ्याच कापणीसाठी कितीतरी जास्त जोर लावावा लागतो. साल लवचीक आणि निसरडी असते. पाते घसरते आणि लावलेला सगळा जोर बोटावर येतो. मात्र नवी धार लावली तर ते सगळ्यांना सांगणे तितकेच गरजेचे असते. बोथट सुरीची सवय झालेला हात धारदार सुरीलाही तोच जोर लावतो.

उपाय महागडे नाहीत. फळीखाली ओले फडके अंथरले की ती सरकत नाही. भाजी धरणाऱ्या हाताची बोटे आत वळवून पाते पेरांना टेकते ठेवले, की बोटांची टोके वाचतात. सुरी नेताना टोक जमिनीकडे, पाते मागच्या बाजूला आणि हात अंगाशी असावा. सुरी कोणाच्या हातात देऊ नये. ओट्यावर ठेवावी आणि दुसऱ्याने मुठीला धरून उचलावी. मोरीत ती कधीच सोडू नये. वापरणाऱ्यानेच धुऊन, पुसून जागेवर ठेवावी. पडणारी सुरी झेलू नये. पाय मागे घ्यावा आणि ती पडू द्यावी. सुरी दाखवून केलेली थट्टा तर पहिल्याच वेळी थांबवावी.

याहून महत्त्वाचा उपाय तोंडाचा आहे. शिस्तीच्या भटारखान्यात सुरी घेऊन जाणारा ‘सुरी!’ म्हणून हाक देतो, दुसऱ्याच्या पाठीमागून जाणारा ‘मागे आहे!’ म्हणतो. भट्टीचा आवाज, पंख्याची घरघर आणि भांड्यांचा खणखणाट यांत न सांगता काहीच कळत नाही. महाराष्ट्रातल्या हॉटेलांत मराठी, हिंदी, कन्नड, नेपाळी, ओडिया बोलणारे एकाच ओट्याशी उभे असतात. त्यामुळे शब्द कोणत्याही भाषेतला चालेल, पण तो एकच हवा आणि पहिल्या दिवशीच शिकवलेला हवा. ही हाक वरून खाली आणि खालून वरही गेली पाहिजे. नव्या पोऱ्याला वस्तादांना ‘सुरी कडेवर आहे’ असे सांगण्याची भीती वाटत असेल, तर त्या भटारखान्यातला पुढचा अपघात फार लांब नाही. वस्तादांनी अशा सूचनेवर ‘बरं झालं सांगितलंस’ म्हटले, तर बाकीचेही बोलू लागतात.

जखम दिसायला छोटी असली तरी तिला हलके लेखू नये. बोटे हलवणारे मोठे स्नायू मुख्यतः कोपराखालच्या हातात असतात. बोटांपर्यंत येतात ते त्यांचे कंडरा, म्हणजे दोरीसारखे पट्टे. ते त्वचेखाली अगदी जवळून जातात आणि त्यांच्या दोन्ही अंगांना संवेदना वाहणाऱ्या नसा असतात. तळव्याच्या मध्यापासून बोटाच्या मधल्या पेरापर्यंतच्या भागात कंडरा शिवणे इतके अवघड मानले जाई, की शल्यचिकित्सकांनी त्याला ‘नो मॅन्स लँड’ असे नाव दिले होते. आज तिथे शस्त्रक्रिया होते. पण ती लवकर, शक्यतो काही दिवसांत व्हावी लागते. नंतरही हाताला जड काम झेपायला साधारण तीन महिने लागतात. म्हणून रक्त थांबले की काम झाले, असे समजू नये. बोटाचे टोक वाकत किंवा सरळ होत नसेल, बधिर वाटत असेल, जखमेच्या कडा उघड्या राहत असतील किंवा रक्त थांबत नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायला हवे. आचाऱ्याचे बोट हेच त्याचे भांडवल आहे.

प्रथमोपचार साधे आहेत. जखम वाहत्या स्वच्छ पाण्याखाली धुवावी, स्वच्छ कापड ठेवून सलग दहा मिनिटे घट्ट दाबावे, मध्ये उघडून पाहू नये आणि हात छातीच्या वर धरावा. अंगठी असेल तर सूज येण्याआधी काढावी. हळद, कॉफीची पूड, चुना यांतले काहीही भरू नये. जखम किती खोल आहे ते त्यामुळे झाकले जाते आणि ती साफ करणे कठीण होते. बोटाचा तुकडा पडला असेल, तर तो ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी. तुकडा थेट बर्फावर ठेवला तर पेशी मरतात. बटाटे-आल्याच्या मातीत धनुर्वाताचे जंतू असू शकतात. मातीने मळलेल्या जखमेसाठी, आधीची लस घेऊन पाच वर्षे उलटली असतील तर पुन्हा लस लागते. स्वच्छ, किरकोळ जखमेसाठी हीच मुदत दहा वर्षांची आहे.

लपवलेली जखम ताटापर्यंतही पोहोचते. चिघळलेल्या जखमेत स्टॅफिलोकोकस जातीचे जंतू असू शकतात. ते अन्नात वाढून जे विष तयार करतात ते पुन्हा गरम केल्यानेही नष्ट होत नाही आणि काही तासांतच उलट्या सुरू होऊ शकतात. कोशिंबीर, चटणी, सँडविच अशा, हाताळल्यानंतर पुन्हा न शिजणाऱ्या पदार्थांना हा धोका जास्त. हॉटेलांना लागू असलेल्या अन्नसुरक्षेच्या नियमांनाही उघड्या जखमेच्या हाताने अन्न हाताळणे मान्य नाही. अनेक भटारखाने जखमेसाठी निळी जलरोधक पट्टी वापरतात. निळ्या रंगाचा पदार्थ सहसा नसतो, त्यामुळे पट्टी सुटून पडली तर लगेच दिसते.

पण जखम लपवली का जाते? दिवसाची मजुरी बुडेल, ‘धांदरट’ म्हणून घरी पाठवतील, या भीतीने. तेव्हा प्रश्न पुन्हा मालकाच्या दारात येतो. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या हॉटेलांतील, महिना २१ हजार रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्यांसाठी कर्मचारी राज्य विमा योजना आहे. कामावर इजा होऊन काम बंद पडले, तर तिच्यात उपचारांबरोबर वेतनाच्या सुमारे ९० टक्के भरपाईची तरतूद आहे. त्यासाठी कामगाराची नोंदणी झालेली हवी आणि आपला हक्क त्याला माहीत हवा. अनेक कामगारांचे नाव कोणत्याच वहीत नसते. दहापेक्षा कमी माणसांच्या हॉटेलात तर दवाखान्याचा खर्च आणि सुट्टीचा पगार बहुधा मालकाच्या मर्जीवरच राहतो. बारा-चौदा तास उभे राहून दमलेला हात रात्रीच्या गर्दीत चुकतो, यालाही निव्वळ निष्काळजीपणा म्हणता येत नाही.

हॉटेलमालकांच्या संघटनांनी मनावर घेतले, तर सुरुवात फार लहान गोष्टींनी होऊ शकते. प्रत्येक पाळीच्या आधी पाच मिनिटे : सुऱ्या मोजायच्या, धार पाहायची, प्रथमोपचाराची पेटी उघडून बघायची आणि काल कुठे थोडक्यात निभावले ते बोलायचे. जखम सांगणाऱ्याचा त्या दिवसाचा पगार कापायचा नाही, हा एक नियम भिंतीवर लिहायचा. आणि कोणाचे बोट कापलेच, तर ‘लक्ष कुठे होतं?’ याऐवजी ‘सुरी तिथे कशी आली?’ असे विचारायचे. पहिल्या प्रश्नाने जखमी माणूस गप्प बसतो. दुसऱ्याने पुढच्या माणसाचे बोट वाचू शकते.