वाटून घेतलेला बाप

गेल्या पावसाळ्यात आमचे गुरुजी वारले. बोरी अरबला शाळेच्या पटांगणात शोकसभा झाली. अशा सभेत जे बोलायचे असते ते सगळे बोलून झाले. गुरुजी म्हणजे चंदन, गुरुजी म्हणजे दीपस्तंभ. शेवटी त्यांचा मुलगा उठला. तो माझ्याच वर्गात होता. त्याने खिशातून कागद काढला, परत खिशात ठेवला आणि एवढेच म्हणाला, "माझ्या बाबांना तुम्ही सगळ्यांनी वाटून घेतलं. माझ्या वाट्याला थोडंच आलं. तक्रार नाही."

लोकांनी टाळ्या वाजवल्या! शोकसभेत टाळ्या वाजवू नयेत हेदेखील कोणाच्या ध्यानात राहिले नाही. मी मात्र वाजवू शकले नाही. वाटून घेणाऱ्यांत मीही होते, आणि माझा वाटा लहान नव्हता.

माझे बाबा सालदार. सही करतात, पण अक्षर लागत नाही. घरातून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. आमच्याकडे दिवाळीच्या सुमारास कापूस फुटला की शाळेचा पट आपोआप हलका होतो. आठवीत असताना मी आधी आठ दिवस, मग पंधरा दिवस, मग महिनाभर वावरातच राहिले. गुरुजी खरे तर माझे चौथीपर्यंतचे शिक्षक. त्यांच्या हजेरीतून माझे नाव कधीच निघाले होते. तरी एका संध्याकाळी ते आमच्या अंगणात येऊन बाजेवर बसले.

बाबा म्हणाले, "गुरुजी, पोरीले शिकवून काय करू? वेचणीले बाई भेटत नाही."

गुरुजींनी शिक्षणाचे महत्त्व वगैरे काही सांगितले नाही. त्यांनी विचारले, "दिवसाले किती किलो वेचते हे?" मग किलोचा भाव विचारला, आणि सकाळच्या दोन तासांत व सुटीच्या दिवशी मिळून किती वेचून होईल याचा हिशेब तिथेच जमिनीवर काडीने मांडला. त्या दिवशी बाबा नाही म्हणाले. दुसऱ्या दिवशीही नाहीच. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "जाऊ द्या बापा. पण इतवारी वावरात."

पुढे जोतीराव फुल्यांचे चरित्र वाचले तेव्हा हे अंगण मला आठवले. गोविंदरावांनीही मुलाला शाळेतून काढून मळ्याच्या कामाला लावले होते. शेजारचे गफार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब यांनी समजूत घातली, तेव्हा १८४१ साली जोतीराव पुन्हा शाळेत, स्कॉटिश मिशनच्या शाळेत गेले. समजूत घालणाऱ्यांची नावे निदान पुस्तकांत राहिली. पण दुसऱ्याचे ऐकून ज्याने आपला शब्द फिरवला त्या बापाची आठवण कोण काढतो? माझ्या बाबांनाही त्या दिवशी दोन हात कमी झाले, हे मी लिहून ठेवते.

पण आज मला सांगायचे आहे ते गुरुजींच्या घराविषयी. भाड्याची दीड खोली. रात्री त्या खोलीत आम्ही बारा-चौदा पोरे कंदिलावर, पुढे बल्ब आला तेव्हा बल्बखाली, अभ्यासाला बसायचो. भारनियमनामुळे कंदील काही सुटला नव्हता. त्यांचा मुलगा भिंतीकडे तोंड करून त्याच खोलीत झोपायचा; दहापर्यंत दिवा जायचा नाही. काकू आम्हाला अर्धी-अर्धी भाकर द्यायच्या, आणि आम्ही ती घ्यायचो. ती कोणाच्या वाटणीची होती हे विचारायचे वय नव्हते, असे म्हणून मी सुटू पाहते. पाचवीत नवोदयच्या परीक्षेला गुरुजींनी आम्हा चौघांना एस.टी.ने नेले. त्यांचा मुलगाही त्या चौघांत. तीन जागा मिळाल्या. गुरुजी त्याला म्हणाले, "तू उभा राह्य, तुले सवय आहे." तो दांडा धरून उभा राहिला, मी खिडकीपाशी बसले. आमच्यापैकी कोणाचाच नंबर लागला नाही, ती गोष्ट वेगळी.

आपल्या महाराष्ट्रात शिक्षकाच्या त्यागाचे आपल्याला भारी कौतुक आहे. मलाही आहे. पण त्या त्यागाची किंमत कोणी मोजली, हे आपण विचारीत नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. सर्व जातींची पोरे एका पंगतीत जेवू लागली. या पंगतीसाठी लक्ष्मीबाईंच्या अंगावरचे दागिने गेले, शेवटी मंगळसूत्रही गेले. १९३० साली त्या गेल्या. भाऊरावांना पद्मभूषण मिळाले ते १९५९ साली, आणि त्याच वर्षी ९ मे रोजी तेही गेले. महर्षी कर्व्यांनी तर आपली पाच हजारांची विम्याची पॉलिसीच विधवांच्या आश्रमाला देऊन टाकली. घरी बायको, मुले. आनंदीबाईंना ते आवडले नव्हते, आणि का आवडावे? पुढे त्यांनी 'माझे पुराण' या नावाने आत्मचरित्र लिहिले. महर्षींचे आत्मवृत्त वाचणाऱ्याने हेही वाचावे. (या दोघांनाही लोक अण्णाच म्हणत. घरातल्या वडीलमाणसाचे नाव आपण किती सहज उचलतो!)

हे लिहिताना या थोरांचा अधिक्षेप करण्याचा माझा हेतू नाही, तेवढी माझी पात्रताही नाही. ती पंगत झाली नसती तर माझ्यासारख्या किती जणी आज कुठे असत्या, ते मी जाणते. पण त्या काळी सरकार परके होते, शाळा नव्हत्या, तेव्हा एका माणसाने आपले घर मोडून शंभरांचे घर उभे केले ते समजू शकते. आज? २००९ साली शिक्षणहक्काचा कायदा झाला, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. पहिली ते पाचवीपर्यंतच्या शाळेत साठपर्यंत पट असेल तर दोन शिक्षक, असे त्यात लिहिले आहे. दोन शिक्षक आणि वर्ग चार-पाच! एकाला शिकवावे तर उरलेल्यांनी शुद्धलेखन काढीत बसावे. जनगणना, निवडणूक आणि आपत्तीतील मदत यांखेरीज शिक्षकाला दुसरे काम देऊ नये, असेही कायदा म्हणतो. प्रत्यक्षात गुरुजींच्या पिशवीत आमच्या वह्यांपेक्षा माहितीचे तक्ते जास्त असत. दिवसाचे शिकवणे असे कागदांत जाई, मग ते रात्री घरी पुरे करावे लागे. म्हणजे आम्हाला जी रात्र मिळाली ती त्यांच्या मुलाची होती. २०२३ साली वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा करण्याचे प्रस्ताव सरकारने मागवले. तशा शाळेच्या गुरुजींना कोणाच्या अंगणात तीन संध्याकाळी जाऊन बसता येईल का, याचे उत्तर तक्त्यात भरता येत नाही.

कोणी म्हणेल, तुझ्या गुरुजींना आठ शिक्षक सोबतीला दिले असते तरी ते रात्री शिकवीत बसलेच असते. असते खरे. स्वभावच तसा. पण स्वभावाने देणे वेगळे आणि दुसरा इलाज नाही म्हणून देणे वेगळे, आणि पोराला हा फरक कळतो.

गावात आता त्यांच्या नावाने प्रवेशद्वार बांधायचे चालले आहे. वर्गणीची पावती माझ्या बाबांकडेही आली. बाबांनी पन्नास रुपये दिले. माझा विरोध आहे, आणि मी तो सांगून पाहिला. दारातून गुरे जातील, मोटरसायकली जातील. त्यापेक्षा रात्रीची अभ्यासाची खोली चालवा, दोन बल्ब आणि एक सतरंजी, एवढेच लागते. त्यांच्या मुलाला मी विचारले. तो म्हणाला, "चालव. पण आमच्या घरात नको." मला वाईट वाटले नाही. काकूही दाराशी उभ्या होत्या, त्या काही बोलल्या नाहीत.

मग शाळेचीच एक खोली मिळाली. आम्ही तिघे-चौघे कॉलेजवाले वार वाटून घेतो. सोमवार आणि गुरुवार माझे. एस.टी.तून उतरले की थेट तिकडे, सात ते साडेआठ. पोरे चांगली आहेत, भागाकाराला घाबरतात. एका पोरीचा बाप तिला दिवाळीनंतर वेचणीला ठेवणार म्हणतो. त्याच्या अंगणात मी एकदा जाऊन आले, तो नाही म्हणाला. परत जायचे आहे.

साडेआठला मी कुलूप लावते. पोरे म्हणतात, "ताई, अजून पाच मिनिटं." मी देत नाही. घरी माय भाकरी झाकून बसलेली असते.