फ्रेम सागाची, काळजी कागदाची
अयोध्येच्या राम मंदिरासाठी २०२३ साली आपल्या चंद्रपूरचा साग गेला. मग घरातल्या मुद्राचित्राला प्लास्टिकची सोनेरी फ्रेम कशाला? सागात नैसर्गिक तेल असतं, म्हणून तो वाळवीला सहजी दाद देत नाही आणि पावसाळी दमटपणात कमी वाकतो. महाग पडतो, हे खरं. पण बोटभर रुंदीची पट्टी पुरते, आणि बारीक फ्रेममध्ये आधी चित्रच दिसतं. त्याहून मोलाचा आतला आम्लमुक्त माउंट: तो कागद काचेपासून दूर ठेवतो, नाहीतर दमट हवेत चित्र काचेला चिकटतं. महागडी काच लावली, तरी रंग उन्हात उडतातच; तेव्हा ऊन येणारी भिंत टाळा. वाचकहो, नक्षीवरचे पैसे माउंटवर घाला.