आधी पदक, मग प्रवास?

आपल्या देशात खेळाडूने परदेशी जावयाचे म्हटले की पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘पदक मिळेल काय?’ तो परत आला की दुसराही ठरलेला: ‘पदक आणले काय?’ या दोन प्रश्नांच्या मध्ये जे घडते त्याची विचारपूस कोणी करीत नाही. एखाद्या क्रीडामंडळाने आपली सोळा-सतरा वर्षांची मुले परदेशच्या मैदानावर उतरविण्याचा घाट घातला, तर मग बोलावयासच नको. ‘ही सहल आहे’, ‘गरीब देशाला ही चैन परवडत नाही’, ‘आधी येथे तरी पहिले या’, अशी मुक्ताफळे ऐकू येतात. आणि ती उधळणाऱ्यांत आपण मराठी नोकरदार मंडळी मागे नसतो, हे खेदाने नमूद करणे भाग आहे. हा सारा युक्तिवाद मुळातच उफराटा आहे, असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे आहे. परदेशचा सामना हे तयारीचे बक्षीस नव्हे; तो तयारीचाच एक भाग आहे.

प्रथम थोडा इतिहास पाहू. पुण्याचा डेक्कन जिमखाना 1906 साली स्थापन झाला. सर दोराबजी टाटा त्याचे अध्यक्ष असताना तेथील शर्यतींत खेड्यापाड्यांतून आलेले तरुण अनवाणी धावत. त्यांची धाव पाहून, ही मुले युरोपातील धावपटूंशी सामना देतील, असे टाटांना वाटले. त्याच सुमारास, थोड्या पल्ल्याच्या शर्यतीला किती वेळ धरावयाचा, असे त्यांनी विचारता एका प्रतिष्ठित सभासदाने ‘एक ते दोन मिनिटे’ असे उत्तर दिले होते. हिशेब मिनिटांचा नसून सेकंदांचा व त्यांच्याही अंशांचा असतो, हे ऐकून ते गृहस्थ थक्क झाले! या गोष्टीला हसण्यापूर्वी तिचा अर्थ ध्यानी घ्यावा. घरच्या अंगणात राहून वेगाचे मापही कळत नाही, मग वेग कोठून येणार?

1920 साली अँटवर्पला मूठभर खेळाडू गेले ते टाटांच्या पुढाकाराने. बेळगावकडील फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावा आला. कुस्तीत रणधीर शिंदे चौथा आला. पदक एकही नाही. आजच्या टीकाकारांच्या हाती तेव्हा कारभार असता, तर ‘प्रयोग निष्फळ, पुनश्च परवानगी देऊ नये’ असा शेरा मारून प्रकरण कपाटात गेले असते. सुदैवाने ते त्यांच्या टेबलावर आले नाही. पुढे 1936 साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक बर्लिनला गेले, ते तर स्पर्धेसाठीही नव्हे, आपले देशी खेळ जगाला दाखविण्यासाठी. त्यांनाही कोणी ‘काय आणले?’ असे विचारले असते, तर रिकामे हातच दाखवावे लागले असते. ज्या कबड्डीचे दर्शन त्यांनी तेथे घडविले, ती 1990 साली बीजिंगला आशियाई खेळांत पदकाचा खेळ म्हणून दाखल झाली.

खाशाबा जाधवांचे नाव आपल्या तोंडी नेहमीच असते. पण त्यांची कथा आपण अर्धीच सांगतो. 1952 साली हेलसिंकीस त्यांनी ब्राँझपदक जिंकले, हे सर्वांस पाठ आहे. त्याआधीचे 1948 चे लंडन मात्र कोणी सांगत नाही. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल तांबड्या मातीत वाढलेला. गादीवरची कुस्ती आणि तिचे नियम त्याला परके. कोल्हापूरच्या महाराजांनी खर्च उचलला म्हणून तो लंडनला गेला आणि सहावा आला. पदकाच्या हिशेबात सहावा म्हणजे शून्य. परंतु गादीवर कसे लढावे याचे शिक्षण तेथेच सुरू झाले. लंडनचे ते ‘अपयश’ नसते, तर हेलसिंकीचे यश कोठून आले असते?

आणि हेलसिंकीचा प्रवासखर्च? राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकून 7000 रुपये उभे केले. पदक आल्यावर शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. ते कर्ज फेडण्यासाठी मात्र खाशाबांना पुन्हा कुस्त्या कराव्या लागल्या. 1984 साली ते अपघातात गेले; अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. दिल्लीतील आपल्या वाचकांपैकी अनेकांनी इंदिरा गांधी क्रीडासंकुलातील त्यांच्या नावाचे कुस्तीसभागृह पाहिले असेल. नाव देण्यास आपण कधी चुकत नाही. तिकिटाचे पैसे देण्याची वेळ येते तेव्हा मात्र आपले हात खिशापर्यंत पोहोचत नाहीत. मग वैयक्तिक पदकासाठी देशाला 1952 पासून 1996 पर्यंत, म्हणजे 44 वर्षे, वाट पाहावी लागली, याचे नवल कशाला?

कोणी म्हणेल, या जुन्या गोष्टी झाल्या. तर नवे उदाहरण घ्या. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्याचा अविनाश साबळे हा आपल्यासारखाच घरापासून दूर नेमणुकीवर गेलेला माणूस. सैन्यात भरती होऊन सियाचीनची थंडी आणि राजस्थानची वाळू पाहिलेला. 3000 मीटर स्टीपलचेसमध्ये 2021 साली टोकियोस त्याने 8 मिनिटे 18.12 सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला, तरी अंतिम फेरी हुकली. देशात त्याला मागे टाकील असा कोणी उरला नव्हता. शिकावयाचे ते पुढे धावणाऱ्याकडूनच, आणि पुढे धावणारे परदेशात होते. 2022 साली तो अमेरिकेत सराव करून रबातच्या शर्यतीत उतरला आणि पाचवा आला. त्याच उन्हाळ्यात बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल खेळांत त्याने 8 मिनिटे 11.20 सेकंदांत रौप्यपदक घेतले. सुवर्णपदक अवघ्या 0.05 सेकंदाने हुकले. 1998 ते 2018 पर्यंतच्या सहा स्पर्धांत या शर्यतीची तिन्ही पदके केनियाबाहेर गेली नव्हती. रबातचा पाचवा क्रमांक ज्यांना फुकट वाटतो, त्यांनी बर्मिंगहॅमचा हिशेब पुन्हा मांडावा.

तरी कारभाराचा कल अजून ‘आधी लायक व्हा, मग जा’ असाच आहे. 2023 साली हांगझोऊच्या आशियाई खेळांपूर्वी सांघिक खेळांसाठी आशियातील पहिल्या आठांत असण्याचा निकष लावला गेला. फुटबॉलचा संघ त्यात बसेना; ओरड झाली, तेव्हा सूट मिळाली. राष्ट्रीय संघाची ही कथा, तर लहान मंडळांतील मुलांना कोण विचारतो? त्यांच्या वाट्याला येते ती ‘शासनावर कोणताही भार न पडता’ जाण्याची अनुमती, तीही वेळेवर आली तर. माझ्या नेमणुकीच्या एका गावी एका मंडळाच्या मुलांचे कागद तीन टेबलांवर फिरत राहिले आणि अनुमतीचे पत्र आले ते स्पर्धा आटोपल्यानंतर. त्या पत्रावर जावक क्रमांक होता, सही होती, शिक्का होता. त्यात काहीही उणे नव्हते. मुलांचे ते वर्ष तेवढे गेले.

विरोधकांच्या बोलण्यात एक गोष्ट खरी आहे, ती नाकारू नये. स्पर्धेच्या नावाखाली पालकांकडून पैसे उकळून केवळ सहल घडविणारे दलाल आहेत. परंतु खरे-खोटे पारखणे काही अवघड नाही. स्पर्धा त्या खेळाच्या महासंघाला मान्य आहे काय? वेळेची अधिकृत नोंद होणार काय? मुलांबरोबर मार्गदर्शक जाणार, की नुसते पदाधिकारी? या तीन प्रश्नांची उत्तरे मागा आणि मग खुशाल नकार द्या. पदकाची हमी मात्र मागू नका. ती देईल तो लबाडच असेल. आणि खर्चाचा हिशेबच विचारावयाचा, तर पथकाबरोबर जाऊन आलेल्या पदाधिकाऱ्यांनाही ‘तुम्ही काय आणले?’ हा प्रश्न एकदा विचारून पाहावा.

हे सारे येथेच, या मासिकात, सांगण्याचे कारण आहे. बृहन्महाराष्ट्रात विखुरलेले आपण बहुसंख्य वाचक सरकारी नोकर आहोत. पॅरिसला 2024 साली ब्राँझपदक जिंकणारा कोल्हापूर जिल्ह्याचा स्वप्नील कुसाळे हाही मध्य रेल्वेचा तिकीट तपासनीस होता. त्याचा सत्कार आपल्या अनेक मंडळांनी हौसेने केला असता. पण सत्काराची शाल जिंकलेल्याच्या खांद्यावर पडते. उबेची गरज असते ती जिंकण्यापूर्वी. आपल्या गणेशोत्सवाच्या वर्गणीतील दहावा हिस्सा दरवर्षी एका उदयोन्मुख धावपटूच्या तिकिटासाठी बाजूला काढावा. व्हिसासाठी दिल्ली-कलकत्त्यास येणाऱ्या मुलाला आपल्या घरी दोन रात्री पथारी आणि दोन वेळचे जेवण द्यावे. आणि ज्यांच्या टेबलावर असे प्रकरण येईल, त्यांनी ते त्याच दिवशी पुढे सरकवावे. पळणाऱ्या मुलाचा हिशेब सेकंदांचा असतो. आपला निदान दिवसांचा असू द्या.