टक्का कशाचा?

मैत्रिणींनो, शेजारच्या वहिनी परवा हरखून आल्या. ह्यांचे ट्रकमालक भाड्याच्या दहा टक्के देतात. दुसऱ्याने म्हणे वीस कबूल केलेत! मी एवढंच विचारलं, "वीस टक्के, पण कशाचे?"

समजा, एका फेरीचे भाडे ४०,००० रुपये. सगळ्या भाड्यावर दहा टक्के म्हणजे ४,०००. पण मालकाने डिझेल, टोल, हमालीचे २४,००० आधीच वजा केले, तर उरले १६,०००. त्याचे वीस टक्के अवघे ३,२००! टक्का दुप्पट, हातात मात्र कमी.

शिवाय परतीचा माल मिळाला नाही, तर रिकाम्या गाडीचे टक्के शून्य. माल भरायला दोन दिवस ताटकळलं तरी शून्यच. मग ती तूट भरून काढायला रात्री जागून गाडी हाकायची. घोर आपल्याच जिवाला!

म्हणून आधीच विचारून घ्यावे: टक्का एकूण भाड्यावर की खर्च वजा जाता? ठरलेले भाडे बिल्टीवर दिसेल का? रिकाम्या फेरीचे काय? जेवणाचा भत्ता वेगळा ना?

दुधाचा हिशेब आपण कॅलेंडरवर रोज मांडतोच की! तसा फेरीचाही मांडा. वहिनींनी वही घातलीसुद्धा.